बसल्या घशाचा डाक्टर

माणसानं बोलूच नये असं ज्याचं मत, त्या माणसानं घशाचा दवाखाना काढला होता. मिठाईवाल्यानं साखरेला शिव्या द्याव्या तसं. पण त्याचा दवाखाना चालत होता अन् माझा भोंगा बंद पडला होता. आता शहाणा कोण ते तुम्हीच ठरवा.

माणूस बिलोलीकडचा. बापानं तेलुगूत वाढवला, शाळेनं उर्दूत शिकवला, बायकोनं मराठीत सुधरवला. त्यामुळं त्याला तीन भाषा येत होत्या अन् तो तिन्हीत गप्प बसायचा. आधी त्याचा दवाखाना नांदेडात होता. लातूर उस्मानाबादेतून फुटून नवा जिल्हा झाला, तसा हा बाडबिस्तरा घेऊन लातुरात आला. का आलात म्हणून विचारलं तर म्हणायचा, नवा जिल्हा म्हणजे भाषणं लई होणार, भाषणं झाली की घसे बसणार. त्याचा अंदाज बरोबर निघाला. पाऊस तेवढा त्याच्या अंदाजात नव्हता.

गोलाईच्या बाजारामागं एक अरुंद बोळ, त्यात त्याची एक खोली. बाहेर बाक. बाकावर बसलेल्यानं बोलायचं न्हाई असा कायदा. पाटी लावलेली न्हाई, कोणाला सांगितलेलं न्हाई. कोणी बोललं की तो आतून यायचा अन् नुसता बघायचा. बस. तेवढ्यात बोलणाऱ्याला आपली सगळी पापं आठवायची. बोळातली माणसं म्हणायची, ह्या दवाखान्यात बसलं की मयताला आल्यासारखं वाटतं. फरक एवढाच की मयताला कोणीतरी रडतं तरी.

त्याचा दुसरा कायदा त्याहून वाईट. काय होतंय ते पेशंटनं सांगायचं न्हाई. म्हणायचा, "तोंडानं नको. करून दाखव." सकाळी उठल्यापासून रात्री आडवं होईपर्यंत तू काय काय करतो, ते त्या खोलीत त्याच्यासमोर करून दाखवायचं. त्याचं म्हणणं असं की तोंड म्हणजे वकील हाय, अन् मला वकील नको, साक्षीदार पाहिजे.

एक आडत दुकानदार आला होता. अंगठ्या घातलेला, मोठा माणूस. तंबाखूला जन्मात हात लावला न्हाई म्हणून आईची शपथ खाल्ली. डाक्टर म्हणला, बरं, दुकान उघडून दाखव. शेठनं कुलूप उघडलं, उदबत्ती लावली, गादीवर बसला, पहिल्या गिऱ्हाइकाला रामराम केला, अन् बोलता बोलता त्याचा उजवा अंगठा डाव्या तळहातावर आपोआप चोळायला लागला. मळून झालं, वरून टिचकी मारली, चिमूट ओठात गेली. सगळं रिकाम्या हातानं. शेठला सुद्धा पत्ता न्हाई. डाक्टर एवढंच म्हणला, "आईला सांग, शपथ मोडली." मी तवा जाता जाता रिक्षा थांबवून दारातून बघून राहिलो होतो अन् लई हसलो. आपली पाळी येणार हाय हे हसणाऱ्याला कधीच कळत न्हाई.

आता माझं सांगतो. मी शाळेत गेलो न्हाई. म्हणजे एकदा गेलो होतो, पण ते भोंगा लावायला. सायकल रिक्षा, वर भोंगा, खाली बॅटरी, अन् हातात माईक, हा माझा संसार. सिनेमा लागला, सर्कस आली, कोणाचं पोरगं हरवलं, की मला बोलवायचे. कागद मला वाचता येत न्हाई. कोणीतरी एकदा वाचून दाखवायचं, मंग मी गावभर घोकत फिरायचो. जिल्हा झाल्यावर माझं काम वाढलं. जे काय आधी तालुक्याचं होतं ते सगळं जिल्ह्याचं झालं. जिल्ह्याचं हापिस आलं, जिल्ह्याचे साहेब आले, जिल्ह्याचा दवाखाना येणार म्हणून कळलं. लोकांना वाटलं पाणी पण येईल. ते आलं न्हाई. मंग टँकर सुरू झाले, अन् कोणत्या गल्लीत कवा टँकर लागणार ते पुकारायचं काम माझ्याकडं आलं.

हे काम म्हणजे राजाचं. ज्या बाया मला कधी चहा विचारीत नव्हत्या, त्या माझ्या रिक्षाची वाट बघायला लागल्या. मी पण चढलो. टँकर येणार एवढंच सांगायचं, तर मी आधी नमस्कार घालायचो, जिल्ह्याचं नाव घ्यायचो, पाणी जपून वापरा म्हणून दोन शब्द उपदेश करायचो, अन् शेवटी टँकरचं. तवर टँकर येऊन गेलेला असायचा.

ह्या राजेपणात माझा घसा बसला. सकाळी उठलो की आवाज फाटक्या भोंग्यासारखा. दिवसभर खाकरून खाकरून बेजार. घशात बोराची बी अडकल्यासारखं वाटायचं. गिळलं तर खाली जाईना, थुंकलं तर वर येईना. छातीत जळजळ म्हणाल तर काडीची न्हाई. जेवण चांगलं, झोप चांगली, फक्त आवाज न्हाई. अन् आमच्या गावात घसा बसलेल्या माणसाला औषध सांगायला जात-पात लागत न्हाई. कोणी म्हणलं, पेपरमिटाच्या गोळ्या चघळ. चघळल्या. कोणी म्हणलं, आलं-मिऱ्याचा काढा घे. घेतला. कोणी म्हणलं, लिंबू पिळून मीठ लावून चाट. चाटलं. भोंगेवाल्यांचा आमचा एक जुना इलाज हाय, की आवाज उघडायला हिरवी मिरची गुळाबरोबर खायची अन् वर कडक चहा मारायचा. ते तर मी रोजच करायचो, दोनदा करायला लागलो. घसा आणखी बसला. मंग मी इलाज आणखी वाढवला.

शेवटी लोकांनी इलाज सांगायचे बंद केले अन् माझ्याकडं दुसऱ्याच नजरेनं बघायला लागले. ते मला जास्त लागलं. तंबाखू मी खात होतो, ते सगळ्यांना माहीत. एकानं विचारलं, घरी जमीन कोणाच्या नावावर हाय. जमीन कुठली, रिक्षा सुद्धा दुसऱ्याची. पण विचारणाऱ्याच्या मनात काय हाय ते मला कळलं. त्या दिवशी रिकाम्या रस्त्यावर रिक्षा हाणता हाणता मी माझीच मयताची पुकार मनात म्हणून पाहिली. नमस्कार, जिल्ह्याचं नाव, सगळं घेतलं. मनातल्या मनात पण आवाज चिरका आला.

बायको म्हणली, चला. ती भोकरकडची, तिकडच्या बायका एकदा चला म्हणल्या की माणसानं चप्पल शोधायची. घेऊन गेली त्या बोळात.

डाक्टरनं मला खुर्चीवर बसवलं. त्याच्या कपाळावर पट्ट्यानं बांधलेला गोल आरसा, मधी भोक. माझी जीभ फडक्यात धरून त्यानं बाहेर ओढली. माझी जीभ एवढी लांब हाय ते मला ठाऊक नव्हतं. बायकोला ठाऊक होतं. मंग लांब दांडीचा बारका आरसा घेतला, स्पिरिटच्या दिव्यावर शेकला, आपल्या मनगटाला लावून पाहिला अन् माझ्या घशात घातला. म्हणला, ई म्हण. मी ई म्हणायच्या ऐवजी ओ केलं. त्यानं आरसा पुसला, परत शेकला, परत घातला. असं लई वेळ चाललं. त्याच्या सदऱ्याचं पुढं काय झालं ते सांगत न्हाई, तुम्ही जेवून बसला असाल.

एकदाचं जमलं. त्यानं बघितलं, अन् बघतच राहिला. जीभ त्याच्या हातात, विचारू तरी कसं. मंग त्यानं बायकोला जवळ बोलावलं, तिच्या हातात दाढीचा आरसा दिला अन् माझ्या तोंडापुढं तिरका धरायला लावला. म्हणला, "बघ, हा तुझा आवाज."

मी पाहिलं. आत अंधारात दोन बारक्या पट्ट्या, उघडत होत्या अन् मिटत होत्या, चिमणीच्या पिल्लाच्या चोचीसारख्या. अन् त्यांच्या मागची जागा चांगली लालभडक सुजलेली. आयुष्यभर मी ह्याच दोन पट्ट्यांवर पोट भरलं अन् त्यांची माझी पहिलीच भेट. मला रडू यायला लागलं, पण जीभ बाहेर असताना माणसाला रडता पण येत न्हाई. बायकोनं पण वाकून पाहिलं. म्हणली, "एवढंसंच हाय? अन् बोंब एवढी?"

डाक्टर म्हणला, गाठ दिसत न्हाई. पण मागचा भाग जळल्यासारखा झालाय. हे का झालं ते मला बघू दे. चल, तुझा दिवस करून दाखव.

मी मनात म्हणलं, आता दाखवतोच. आपण भोंगेवाला, आपल्याला लाज कसली. उठलो, तोंड धुतल्यासारखं केलं, मिरची खाल्ली, चहा मारला, रिक्षा हाणली, गावभर पुकारलं, पेपरमिट चघळलं. बाहेर बाकावरचे पेशंट दारात येऊन उभे राहिले. मला आणखी चेव आला. संध्याकाळ केली, घरी आलो, पाटावर बसलो, भाकरी मोडली, ठेचा, डाळ, कांदा, पोटभर जेवलो, ढेकर दिला अन् फरशीवर आडवा झालो.

डाक्टर म्हणला, "मधलं गाळलं."

मी विचार केला, काय गाळलं? परत जेवलो, परत आडवा झालो. तो म्हणला, अरे बाबा, मधलं. मी तिसऱ्यांदा जेवायला बसलो, तवा बायकोला राहवलं न्हाई.

"साहेब, मधी कायच न्हाई. ह्ये ताट उचलायच्या आधी आडवे होतेत."

"हात?"

"हात कुठले धुतेत? पाणी कुठं हाय? धोतराला पुसतेत."

डाक्टरनं खुर्ची जवळ ओढली. त्याला पहिल्यांदाच बोलणं ऐकावंसं वाटलं असावं. बायकोनं मंग सगळं काढलं. दुष्काळाच्या आधी मी जेवून हात धुवायला कोपऱ्यावरच्या हापशावर जायचो. हात धुवायला जायचो म्हणजे नुसतं नाव. तिथं चार लोक भेटायचे, गप्पा व्हायच्या, पान व्हायचं, मी घरी यायचो तवा ती निजलेली असायची. मंग हापसा आटला. नुसती हवा ओढायला लागला. तिथं जायचं कारण संपलं, लोक पण यायचे बंद झाले. मी जेवलो की तिथंच कलंडायला लागलो. अन् आडवं होता होता तांब्याभर पाणी, घशाखाली, एका दमात. ते का, म्हणून डाक्टरनं विचारलं. ते मात्र मी सांगितलं. म्हणलं, साहेब, पाणी घागरीत ठेवलं तर चोरीला जातं, पोटात ठेवलेलं कोण चोरणार.

डाक्टर उठला. खिडकीतून बाहेर बोळात बघत म्हणला, "भरली घागर कोणी आडवी ठेवतं का?"

मी म्हणलं, न्हाई साहेब, ह्या दिवसांत तर कोणीच न्हाई.

"तू रोज ठेवतो."

मंग त्यानं सांगितलं, अन् एवढं लांब बोलताना मी त्याला दुसऱ्यांदा पाहिलं न्हाई. पोटात आंबट पाणी असतं, अन्न जिरवायचं. पोट भरून आडवं झालं की ते गळ्यापर्यंत वर येतं. छातीला त्याची सवय असते, ती गप्प बसते. घसा नाजूक, तो जळतो. रात्री जळतो, सकाळी बसतो. अन् त्याच्यावर तू काय ओतलं? लिंबू, मिरची, चहा. पेपरमिटानं तर पोटाचं झाकण आणखी ढिलं होतं. जळत्या घरावर घासलेट ओतून वर विचारतो आग का विझत न्हाई.

माझ्या जिवात जीव आला. म्हणलं, म्हणजे साहेब, ती मोठी बिमारी न्हाई. तर म्हणला, तसं मी म्हणलो न्हाई. सूज लई हाय, सुजेच्या मागं काय हाय ते आरशाला दिसत न्हाई. मी सांगतो ते कर. आवाज सुटला, लाली गेली, तर ते आंबट पाणीच होतं. न्हाई गेली, तर एक बारका तुकडा काढून नांदेडला तपासायला पाठवू. म्हणजे इलाज हाच तपास. माझा जीव अर्धा आत आला अन् अर्धा दारात उभा राहिला.

दिवस मावळायच्या आधी जेवायचं. जेवल्यावर चालायचं, हापसा असो नसो. पाणी दिवसभर थोडं थोडं. तंबाखू, मिरची, पेपरमिट बंद. बाजेच्या उशाकडच्या पायांखाली विटा. पांढरं पातळ औषध, खडू उगाळून प्यायल्यासारखं. अन् सगळ्यात वाईट म्हणजे बोलायचं न्हाई. मी हळूच विचारलं, कुजबुजलं तर चालंल का? म्हणला, कुजबुजणं तर बोलण्याहून वाईट, पट्ट्या आणखी घासतेत. फी विचारली तर म्हणला, नेहमीची दे, अन् वर एक कर. माझ्या बोळातून जाताना भोंगा बंद ठेव. इथं मी माणसांना गप्प बसायला शिकवतो, अन् तू बाहेरून वरडतो की त्यांचे घसे आपोआप हलतेत.

विटांचं सांगायचं राहिलं. पहिल्याच रात्री मी बाजेवर घसरत घसरत खाली आलो. सकाळी बघतो तर पाय बाजेबाहेर अन् शेळी माझ्या तळव्याचं मीठ चाटून राहिलेली. तिला पाण्यासारखंच मीठ पण मिळत नव्हतं वाटतं.

पण कामाचं काय? टँकर तर रोज पुकारायचा. तवा बायको म्हणली, मी बोलते, तुम्ही हाणा. मी रिक्षा हाणायची अन् मागं बसून तिनं माईकवर बोलायचं. तिला नमस्कार माहीत नव्हता, जिल्हा माहीत नव्हता, उपदेश माहीत नव्हता. ती फक्त म्हणायची, टँकर अमक्या गल्लीत, आत्ता, घागरी घेऊन या. लोक वेळेवर यायला लागले. एका बाईनं तर मला थांबवून विचारलं, भाऊ, तुमचा घसा एवढ्यात बरा तर होणार न्हाई ना? मी मुका, मान हलवली. तिला ते पटलं.

दोन महिने तरी असे गेले असतील. सकाळी खाकरणं कमी झालं. बोराची बी कुठं गेली ते कळलं न्हाई. पण मी आवाज काढून बघितला न्हाई. डाक्टरनं मना केलं होतं म्हणून न्हाई. मला भ्या वाटायचं. न बोललेला आवाज बरा झालाय असं धरून चालता येतं. बोललो अन् फाटकाच निघाला तर नांदेडचा रस्ता. आतून आवाज वर आला की मी तोंडावर हात ठेवायचो.

अन् डाक्टरला दिलेला शब्द आम्ही पाळत होतो. त्याच्या बोळाच्या तोंडाशी आलो की बायको माईक बंद करायची, पलीकडून निघालो की चालू. एवढं चोख पाळलं की त्या बोळाला टँकरची खबर लागेना. बोळ अरुंद, टँकर बाहेरच्या रस्त्यावर लागायचा, आतल्यांना दिसायचा न्हाई. बोळ कोरडा राहायला लागला. अख्खं गाव पाणी भरायचं अन् ह्या बोळातल्या बाया आम्हाला शिव्या घालायच्या. हे आमच्या डोक्यात आलं न्हाई असं न्हाई, पण शब्द तो शब्द. आमच्यासारख्या माणसाकडं पाळायला दुसरं असतं काय.

एक दिवस बायको माहेरी गेली होती, भोकरला, भाचीच्या बारशाला. मी एकटाच मुका रिक्षा घेऊन टँकरच्या मागं मागं. भर दुपार. टँकर त्या बोळाच्या तोंडाशी लागला, ड्रायव्हरनं नळी खाली सोडली, अन् भरायला कोणी न्हाई. ड्रायव्हर म्हणला, पाच मिनिटं बघतो, न्हाईतर पुढं जातो. मी बोळाकडं बघून राहिलो. तेवढ्यात डाक्टर बाहेर आला. कपाळावर आरसा, हातात कळशी. त्याच्याकडं पण पाणी न्हाई, हात धुवायला न्हाई, आरसा धुवायला न्हाई. त्यानं टँकर पाहिला, मंग बंद दारं पाहिली, मंग माझ्याकडं पाहिलं. मी भोंग्याकडं बोट दाखवलं अन् हात जोडले. म्हणजे, तुमचाच हुकूम.

तो बोळात चार पावलं आत गेला अन् वरडला, "टँकर आला."

माझ्या उभ्या जन्मात मी असा वाईट पुकारा ऐकला न्हाई. वरडला कसला, कोणीतरी मांजराच्या शेपटीवर पाय दिला वाटलं. एका घरातून बाईचा आवाज आला, आज भंगार न्हाई बाबा. परत वरडला. एक दार उघडलं अन् लागलं. ड्रायव्हरनं नळी गुंडाळायला घेतली.

डाक्टर माझ्याजवळ आला. तोंडावर घाम. हळूच म्हणला, "आता तू."

मी मान हलवली, न्हाई. त्यानं नुसतं बघितलं, बाकावरच्या पेशंटला बघायचा तसं. मी भोंग्याला हात लावला न्हाई, का कोणास ठाऊक. बोळाच्या तोंडाशी उभा राहिलो, डोळे मिटले अन् वरडलो. काय वरडलो ते सांगतो, कारण त्यात नमस्कार नव्हता अन् जिल्हा पण नव्हता. "पाणी आलंय, या बायांनो."

दारं उघडली. सगळीच उघडली. घागरी, हंडे, बादल्या, एका म्हातारीनं तर चहाचं भांडं आणलं. माझ्या अंगावरून लोंढा गेला. अन् मी तिथंच उभा, माझाच आवाज कानात, अन् तो फाटलेला होता का न्हाई ते मला कळेना. वीस वर्षांत मी माझा आवाज भोंग्यातूनच ऐकला होता.

डाक्टरनं मला खांद्याला धरून उन्हात वळवलं. म्हणला, आ कर. खिशातून रुमाल काढून जीभ धरली, दांडीचा आरसा तोंडातल्या वाफेनं धुरकटू नये म्हणून टँकरच्या तापल्या पत्र्याला जरा लावला, मनगटावर पाहिला, अन् भर रस्त्यात माझ्या घशात घातला. कपाळावरच्या आरशातलं ऊन माझ्या तोंडात शिरलं. ई म्हण. मी म्हणलं. ह्यावेळी ओ झालं न्हाई. तो बघत राहिला. नंबर सोडून दोन-तीन बाया घागरी कमरेवर घेऊन वाकून बघायला आल्या.

"काय हाय हो डाक्टरसाब, त्याच्या घशात?" एकीनं विचारलं.

डाक्टरनं आरसा काढला, पुसला, खिशात ठेवला.

"काही न्हाई," तो म्हणला. "लाली गेली, पट्ट्या पांढऱ्या. काही न्हाई."

"आत्ता ग बया," ती बाई म्हणली, "मंग एवढं वरडतोय कशानं?"

डाक्टर कळशी घेऊन लाईनीच्या शेवटाला जाऊन उभा राहिला. माझ्या मागून कोणीतरी हंडा ढकलला अन् म्हणलं, सरक की, मधी काय उभा राहिला. मी सरकलो. अर्धी लाईन भरून झाल्यावर डाक्टरनं तिथूनच मला हाक मारली. पहिली हाक मला ऐकूच आली न्हाई, दुसऱ्यांदा मारायला लावली म्हणून जरा चिडलेला होता.

"अरे भोंगेवाल्या, झालं तपासून. तोंड मिट आता."